दोरा सैल नव्हता

बांधकामाचे नकाशे तपासणाऱ्याच्या टेबलावर दोन पेन्सिली असतात. जे बरोबर आहे त्यावर पिवळी फिरवायची, जे चूक आहे त्याला लाल गोल करायचा. ज्याला दोन्हीपैकी काहीच लागलेलं नाही ते अजून पाहायचं राहिलंय असं समजायचं. एकतीस वर्षं मी हेच काम केलं. निवृत्त झाल्यावरही कार्यालयाने मला परत बोलावलं, कारण शहरात फुटबॉलचं नवं स्टेडियम व्हायचं होतं आणि एकाच कागदाकडे तासभर बघत बसणारं माणूस आता मिळत नाही म्हणे.

स्टेडियमसाठी जुन्या गोदामांची जागा घेतली होती. ती पुरेना, म्हणून शेजारच्या शाळेचं मैदान मागावं लागलं. त्याच्या बदल्यात प्रत्येक सामन्याच्या चारशे खुर्च्या शाळेला कायमच्या फुकट, असं ठरलं. सही करण्याआधी मुख्याध्यापिकेने मला एकच गोष्ट विचारली होती, मुलांना नीट दिसेल ना? मी म्हणालो, सगळ्यात जवळून दिसेल. गोलच्या मागच्या पहिल्या पाच ओळी मुलांच्या. वर्गात बुटकी मुलं पुढच्या बाकावर बसवतात, तसंच समजा. बाई हसल्या आणि त्यांनी सही केली. पुढच्या ओळींची ती कल्पना माझी होती आणि तिचा मला अभिमान होता.

मैदान गेल्यावर शनिवारचा खेळाचा तास रिकामा पडला. तो मी मागून घेतला. मला मुलांना शिकवायला फार आवडतं, पण पोटापाण्याच्या नादात ते राहूनच गेलं होतं. पाचवीचा वर्ग होता. पट्टी कशी धरायची, मोठी वस्तू कागदावर लहान कशी करायची, हे मी शिकवायचो. दोन आठवड्यांत माझं नाव नकाशेआजोबा पडलं. त्यांच्या पानांवरही मी पिवळी आणि लाल पेन्सिल चालवायचो. पिवळ्यासाठी पोरं भांडायची.

या वर्गात एक मुलगी होती. वर्गात सगळ्यात लहानखुरी, आणि बोलणं टोचणारं, म्हणून तिला सगळे टाचणी म्हणत. मैदान होतं तेव्हा ती गोलकीपर होती. एवढीशी पोर गोलमध्ये कशी, असं मी विचारलं तर ती म्हणाली, "दुसरं कुणी उभं राहायला तयार नव्हतं. आणि मला सगळं समोरून दिसतं." चेंडूने रेषा ओलांडली की नाही यावरून भांडण झालं की निकाल तिच्याकडे जायचा. ती स्वतःविरुद्धही निकाल द्यायची, असं पोरं सांगत.

इकडे स्टेडियमचं काम जमिनीतच अडकलं होतं. पायासाठी खणलं तर दोन पुरुष खोलीवर पाणी लागलं. पंप दिवसरात्र चालले, तरी खड्डा सकाळी पुन्हा भरलेला. दुसऱ्या बाजूला पाणी नव्हतं तर खडक होता, आणि तो फोडायला ठरवलेल्याच्या तिप्पट दिवस गेले. तेवढ्यात लोखंड महागलं. जमिनीवर एक वीट दिसण्याआधी एकूण खर्च एक पंचमांशाने वाढला होता. आमच्या मुख्य अभियंता बाई माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान. नकाशा वाचायला त्यांना मीच शिकवलं, म्हणून हुद्द्याने वर असूनही त्या मला सर म्हणतात आणि मी त्यांना मॅडम. त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, जिथे वाचवता येईल तिथे वाचवा.

कुणी स्वच्छतागृहातल्या फरशा हलक्या केल्या, कुणी दारं कमी केली. मी आठवडाभर नकाशे पाहिले आणि म्हणालो, गोलमागची अख्खी गॅलरीच साठ सेंटीमीटर खाली घेऊ. सगळे खांब तेवढे आखूड, छप्पर तेवढं खाली, जिने छोटे. पुढच्या ओळीतून दिसेल का, हेही मी तपासलं. मैदानाच्या कडेला जाहिरातींचे फलक असतात, नव्वद सेंटीमीटर उंच. बसलेल्या माणसाचा डोळा पायाखालच्या जमिनीपासून एकशेवीस सेंटीमीटरवर असतो. त्या डोळ्यापासून फलकाच्या वरच्या कडेवरून सरळ रेघ ओढायची. ती गोलरेषेच्या वीतभर अलीकडे जमिनीला टेकली. म्हणजे गोलरेषा दिसते. मी पिवळी फिरवली. बैठकीत कौतुक झालं. मॅडमनी स्वतः उठून माझ्यासाठी चहा आणला.

एकशेवीस हा आकडा आमच्या तक्त्यात माझ्याही आधीपासून होता. तो कुणाचा डोळा, हे कुणी विचारत नसे. मीही नाही.

त्यानंतर एका शनिवारी मी वर्गात स्टेडियमचा नमुना करायला घेतला. वीस पट लहान. पुठ्ठ्याचा फलक, मातीच्या पायऱ्या, झाडूच्या काड्यांचा गोल आणि चेंडू म्हणून एक मणी. मुलांना आयता आकडा देऊ नये, त्यांनी तो स्वतः मोजावा, असं माझं तत्त्व आहे. म्हणून मी कार्यालयातून स्टेडियमची नमुन्याची खुर्ची वर्गात नेली होती. एकेकाने तिच्यावर बसायचं, दुसऱ्याने जमिनीपासून डोळ्यापर्यंत टेप धरायची. हसून हसून पोरं खुर्चीवरून घसरली. एकाचे पाय लोंबकळत होते, तर दुसरा म्हणाला, "याला खुर्चीला बांधून ठेवा, नाहीतर सामन्याच्या मध्येच हरवेल." टाचणीचा डोळा नव्याण्णव सेंटीमीटरवर आला. बाकीच्यांचे थोडे वर. तेव्हाही माझ्या डोक्यात काही वाजलं नाही. मुलं आनंदात मोजताहेत, एवढंच मी पाहत होतो.

तास संपत आला तेव्हा मुख्याध्यापिका दारात आल्या. त्यांच्याबरोबर स्टेडियमच्या कंपनीचा छायाचित्रकार होता. माहितीपुस्तिकेसाठी त्याला मुलांचा फोटो हवा होता. टाचणी नमुन्यावर वाकली होती. तिने पहिल्या ओळीत उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या पट्टीवरच्या नव्याण्णवच्या खुणेवर दोऱ्याचं एक टोक धरलं, दोरा फलकावरून घेतला आणि दुसरं टोक गोलरेषेकडे ताणलं.

"आजोबा, मणी दोऱ्याच्या खालीच राहतो," ती म्हणाली. "म्हणजे चेंडू रेषेवर असेल तर आम्हाला दिसणारच नाही. गोल झाला की नाही, तेवढंच नेमकं कळणार नाही."

तिच्या पानावर तिने ठळक अक्षरांत लिहिलं होतं, दिसत नाही.

मी पाहिलं. एका नजरेत मला सगळं कळलं. एकशेवीस आणि नव्याण्णव. पुढच्या ओळी, खाली घेतलेली गॅलरी, बाईंची सही, मॅडमनी आणलेला चहा. दारात बाई माझ्याकडे बघत होत्या, मुलं माझ्याकडे बघत होती.

"दोरा सैल पडलाय, बाळ," मी म्हणालो.

मी तिच्या बोटांतून डोळ्याकडचं टोक घेतलं आणि ताणल्यासारखं केलं. ताणताना माझं बोट मी खुणेच्या थोडं वर उचललं. अर्धा-पाऊण सेंटीमीटर. इकडचं टोक वर गेलं की फलकापलीकडे दोरा खाली जातो. मणी दोऱ्यावर डोकावला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी लाल पेन्सिल काढली आणि तिच्या 'दिसत नाही' भोवती गोल केला. त्याच क्षणी छायाचित्रकाराने फोटो घेतला.

 टाचणीने दोऱ्याकडे पाहिलं, मग आपल्या बोटांकडे पाहिलं. तिची बोटं चुकली असं तिला वाटलं.

सोमवारी कार्यालयात मी दार लोटून हिशोब मांडला. मुलाच्या डोळ्यापासून येणारी रेघ गोलरेषेवर साडेबावीस सेंटीमीटर उंचीवरून जाते. फुटबॉलचा चेंडू असतो बावीस. पोरीचा दोरा केसभरही चुकला नव्हता. गॅलरी वीस सेंटीमीटर वर घेतली तरी काम होत होतं. साठऐवजी चाळीसच वाचवायचे, एवढाच फरक. पण गोलमागच्या खांबांचं काँक्रीट बुधवारी ओतायला सुरुवात होणार होती. म्हणजे बोलायचं तर आज किंवा उद्या.

मी मॅडमच्या दारापर्यंत दोनदा गेलो. पहिल्यांदा त्या फोनवर होत्या. लोखंडवाल्याशी वाद चालला होता, तेव्हा आत्ता नको, असं मी मनाला सांगितलं. दुसऱ्यांदा, मंगळवारी, त्या मोकळ्या होत्या. "बोला सर," म्हणाल्या. मी स्वच्छतागृहाच्या फरशांचं काहीतरी विचारलं आणि परत आलो. फरशांशी माझा काडीचा संबंध नव्हता. घरी बायको म्हणाली, अहो, तुमचं लक्ष कुठे आहे, चहात मीठ घातलंत. मी म्हणालो, वय झालं. वयाच्या नावावर काय काय खपतं.

मनाला समजावायला कारणं पुष्कळ होती. मुलं उभी राहतील, मुलं बसतात कुठे. मुलं मोठी होतील. पण ही मुलं मोठी झाली तरी दरवर्षी पाचवीचा नवा वर्ग येणारच होता, हे मला कळत होतं. बुधवारी माझ्या खिडकीतून मी खांब ओतताना पाहिले. शुक्रवारी संध्याकाळी शेवटचा झाला. अठरा खांब एका ओळीत, माझ्या आकड्यावर थांबलेले. कामगारांनी काम चोख केलं होतं.

शनिवारी मी वर्गात पोचलो तेव्हा घंटा व्हायची होती. टाचणी एकटीच नमुन्यापाशी बसली होती. तिच्या हातात छत्रीची काडी होती. मोडक्या छत्रीतून काढून घासून सरळ केलेली. तिने एक टोक नव्याण्णवच्या खुणेवर ठेवलं, काडी फलकावर टेकवली. दुसरं टोक गोलरेषेवर मण्याच्या वर थांबलं.

"घरी पाच वेळा दोऱ्याने केलं," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी चुकलं. मला ताणताच येत नाही वाटतं. म्हणून काडी आणली. काडी सैल पडत नाही ना?"

मी म्हणालो, नाही पडत.

"मग आता माझं कुठे चुकतंय?"

तिने हे खोचकपणे विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती खरंच विचारत होती. आठवडाभर ती स्वतःची चूक शोधत होती आणि ती सापडत नाही म्हणून माझ्याकडे आली होती, कारण शोधून देणारा मीच.

"तुझं काहीच चुकत नाहीये," मी म्हणालो. तेवढ्यात घंटा झाली, पोरं आत घुसली आणि पुढचं मी बोललो नाही. त्या दिवशी मी त्यांना वर्तुळाचे भाग करायला दिले आणि तास संपताच सरळ बांधकामावर गेलो.

मॅडम डोक्यावर टोपी घालून खांबांची तपासणी करत होत्या. मी कागद पुढे केला. त्यांनी उभ्याउभ्या वाचला, मग पुन्हा वाचला.

"हे तुम्हाला आज कळलं, सर?"

हो म्हणालो असतो तर त्यांनी मान्य केलं असतं. माझ्या शब्दावर त्यांनी कधी शंका घेतली नव्हती.

"नाही. मागच्या शनिवारी."

त्यांनी खांबांकडे पाहिलं. "सोमवारी सांगितलं असतंत तर मी बुधवारचं काम थांबवलं असतं. वीस सेंटीमीटर तर हवे होते."

"माहीत आहे."

"मंगळवारी तुम्ही मला फरशांचं विचारायला आला होतात."

मी मान हलवली. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाल्या की हे वरातीमागून घोडं झालं, पण बैठक लावते, तिथे तुम्हीच बोला. पूर्वी त्या मला जिन्यापर्यंत सोडायला यायच्या. त्या दिवशी आल्या नाहीत.

बैठकीत मी बोललो. सुरुवातीला कुणाला कळेना, की खांब मोजमापाप्रमाणे असताना चूक कसली. मी खुर्ची, डोळा, फलक, चेंडू असं पाचवीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं. स्टेडियम बांधून घेणाऱ्या क्लबचा व्यवस्थापक म्हणाला, "मुलांच्या बुडाखाली दोन-दोन पाठ्यपुस्तकं द्या. अभ्यासाला नाही तर निदान बसायला उपयोगी पडतील." सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता कानकोंडा झालो. खांब वाढवायचे तर ते फोडून पुन्हा उभे करावे लागणार होते, आणि तेवढे पैसे आधीच पाण्यात आणि खडकात गेले होते. फलक खाली घ्यायचे तर ते पाच वर्षांसाठी विकलेले होते, उंचीसकट. पुढच्या ओळी सोडून मुलांना वर न्यायचं तर वरच्या खुर्च्यांचे पैसे क्लबने आधीच घेतलेले. दोन तास घासाघीस झाली. मॅडम टेबलावरून उठल्या नाहीत. शेवटी चौदाव्या आणि पंधराव्या ओळीत शाळेला खुर्च्या मिळाल्या. तिथून सगळं स्वच्छ दिसतं. पण चारशेच्या जागी दीडशे.

मुख्याध्यापिकेला मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी मैदान करारावर नव्हतं दिलं, तुमच्या शब्दावर दिलं होतं." मग त्यांनी विचारलं की अडीचशे मुलांना काय सांगू. मी म्हणालो, पाचवीला मी सांगतो.

शनिवारी मी फळ्यासमोर उभा राहिलो. इतकी वर्षं चुका दाखवून पोट भरलं, पण स्वतःची चूक उभ्याने सांगण्याची सवय नव्हती. मी म्हणालो, दोन आठवड्यांपूर्वी या मुलीने सांगितलं की पुढच्या ओळीतून गोलरेषा दिसत नाही. तिचं बरोबर होतं. दोरा सैल नव्हता. मी माझं बोट वर उचललं होतं.

 मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, म्हणजे आपल्याला दिसणार नाही का? मी खुर्च्यांचं सांगितलं. दीडशे म्हणजे प्रत्येक वर्गाची पाळी लागणार, हे त्यांनी माझ्याआधी मोजलं. एक पोरगा म्हणाला की आधी मैदान गेलं, आता खुर्च्या. तो कुरकुरत नव्हता, नुसती मोजणी करत होता.

टाचणीने हात वर केला. ती नेहमी हात न करताच बोलायची.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"मग लाल गोल का केलात?"

भीतीपोटी, असं मी म्हणालो. कशाची भीती, ते सांगता सांगता शब्द तोंडातच अडखळले, कारण दहा वर्षांच्या मुलीसमोर ते फार क्षुल्लक वाटायला लागलं. कौतुक जाईल याची. चहा आणून दिलेला, तो परत द्यावा लागेल याची. मी तिला म्हणालो, तुझं ते पान मला दे. लाल खोडून पिवळं करून देतो, आणि खाली सही करतो.

"ते मी फाडून टाकलं," ती म्हणाली. "चुकलं होतं ना."

स्टेडियम पुढच्या वर्षी पुरं झालं. माझ्या वर्गाची, म्हणजे आता सहावीची, पाळी तिसऱ्या सामन्याला आली. मला मॅडमनी बोलावून तिकीट दिलं, पण मी मुलांबरोबर पंधराव्या ओळीत बसलो. तिकीट घ्यायला गेलो तेव्हा कार्यालयाच्या भिंतीवर तो फोटो दिसला, मोठा करून लावलेला. पांढऱ्या केसांचा आजोबा, हातात लाल पेन्सिल, शेजारी वाकलेली मुलगी. खाली लिहिलं होतं, भविष्य घडवताना. मी मॅडमना तो काढायला सांगितला. त्या म्हणाल्या, असू दे सर, तुम्ही रोज येता-जाता बघाल. त्या चिडून म्हणाल्या की सहज, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मध्यंतराच्या थोडं आधी टाचणी जागेवरून उठली. मला न सांगता पायऱ्या उतरून पहिल्या ओळीत गेली. तिथे मोठी माणसं बसली होती. एका कडेची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर ती बसली. नेमका तेव्हा आमच्या बाजूच्या गोलपाशी गोंधळ झाला. चेंडू घरंगळत रेषेवर गेला, गोलकीपर पडला, अख्खं स्टेडियम उभं राहिलं. ती मात्र बसूनच होती, पाठ ताठ, मान सरळ. मग वर आली आणि मित्रांना विचारलं, गेला का? पोरं म्हणाली, गेला. ती म्हणाली, "तिथून दिसला नाही." माझ्याकडे तिने पाहिलं नाही. तिने फक्त पडताळून घेतलं होतं.

शनिवारचा तास अजून चालू आहे. मुलं मला अजून नकाशेआजोबा म्हणतात, पिवळ्यासाठी भांडतात, आणि काही दाखवायला मी दोरा हातात घेतला की जवळ गोळा होतात. टाचणीही येते, पुढे उभी राहते. बाकीच्या मुलांचं लक्ष दोऱ्यावर असतं. ती माझ्या बोटाकडे बघते.